पाहुण्यांना संकठा घाटावर उतरवा
(गणेशोत्सवातील सायंकालीन कार्यक्रमात केलेले भाषण)



दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी बहुतेकांकडे पुण्या-नागपूरचे पाहुणे येतात. त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. विश्वनाथाचे दर्शन, दशाश्वमेधाची आरती, नावेतून एक फेरी, सारनाथ, आणि परतीची गाडी. डिसेंबर 2021 मध्ये कॉरिडॉर खुला झाल्यापासून गंगेवरून थेट मंदिरात जाता येते. सोय झाली हे खरेच, पण पाहुणा आता गल्लीतही शिरत नाही. मणिकर्णिकेच्या पुढे नावाडी नुसता हात करतो, "ये सिंधिया, ये भोसला", आणि नाव वळवतो. पाहुणी मावशी विचारते, "अरे, भोसले इथे कुठून आले?" इथेच जन्मलेली आपली मुले तेव्हा एकमेकांकडे बघतात. मला बोलायचे आहे ते यासाठी.

माझी सूचना साधी आहे. नाव संकठा घाटाला लावायची आणि उतरायचे.

वर गल्लीत संकठादेवीचे मंदिर आहे. संकटात सापडलेला बनारसी माणूस हिच्याकडे धावतो, शुक्रवारी तर विशेष. याच परिसरात यमेश्वर आणि यमादित्य आहेत, म्हणून यमद्वितीयेच्या स्नानाला या घाटाचे महत्त्व. यमद्वितीया म्हणजे आपली भाऊबीज! यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला ती तिथी. मुलांना आपण ओवाळणीचे सांगतो, घाटाचे मात्र राहून जाते.

संकठाला लागूनच दक्षिणेला शिंदे घाट. 1830 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो बांधायला घेतला. बांधकाम इतके अवजड झाले की नदीकाठच्या जमिनीने ते पेलले नाही, घाट खचला. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही कललेले दिसते. पाहुणे त्याचा फोटो काढतात. काढू द्यावा, पण बायजाबाईंचे नावही सांगावे.

उत्तरेला चालू लागले की भोसला घाट येतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, वर लक्ष्मीनारायणाचे मंदिर. पुढे गणेश घाटावर अमृतराव पेशव्यांनी स्थापलेला अमृतविनायक. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र 1824 साली याच नगरीत वारले. गणेशोत्सवाच्या मंडपात तरी या गणपतीची आठवण हवी. त्यापुढे बालाजी मंदिर, जिथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ रियाज करीत. आणि मग पंचगंगा. तिथले जुने बिंदुमाधव मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडले गेले, जवळचे सध्याचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारले. घाटावरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. नाथांचे भागवत पैठणला सुरू झाले, पण पूर्ण झाले ते काशीत, 1573 साली, कार्तिकी पौर्णिमेला. त्याच तिथीला आज आपण देवदिवाळीची गर्दी बघतो. मराठीत भागवत लिहिले म्हणून इथल्या पंडितांनी आधी नाथांना जाब विचारला आणि मग ग्रंथ मिरवला, असे परंपरा सांगते. राजेरजवाड्यांच्या कितीतरी आधी आपली भाषा या काठावर आली होती. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडच्या जुन्या वाड्यांत पूर्वीइतकी मराठी आता ऐकू येत नाही. मुले नोकरीला बाहेर गेली, घरे विकली गेली. आता सांगणारे आपणच उरलो.

हे सारे आज लगेच दाखवता येणार नाही. भाद्रपदात गंगा चढलेली असते, एका घाटावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. धोक्याची पातळी 71.262 मीटर, 1978 साली पाणी 73.901 मीटरपर्यंत गेले होते. भाऊबीजेपर्यंत पाणी उतरते. पायऱ्यांवर गाळ मात्र असू शकतो, तेव्हा चपला घट्ट हव्यात. पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी नावेतूनच पंचगंगेला यावे, बाकीच्यांनी चालत.

यंदाच्या भाऊबीजेला सकाळी सहा वाजता मी संकठा घाटावर असेन. आपापले पाहुणे आणावेत, कार्यालयातल्या अमराठी मित्रांनाही आणावे. प्रत्येक घाटाची माहिती मुलांनी सांगायची, मोठ्यांनी मध्ये बोलायचे नाही. चालणे संपल्यावर चौखंभ्यात कचोरी-जिलेबी. त्याचा खर्च माझ्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!