घाटावरचा मुक्काम

(सौंसर येथे मराठी भाषकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाची संहिता)



मला विषय दिला आहे ‘मध्य प्रदेशातील ऐतिहासिक आणि निसर्गरम्य स्थळे’. नुसती यादी वाचायची तर पाच मिनिटं पुरतील. खजुराहो, सांची आणि भीमबेटका ही आपल्या राज्यातली जागतिक वारसा स्थळं आमच्या मुलांना पाठ असतात, कारण सामान्य ज्ञानाच्या पेपरात ती विचारतात. तेव्हा यादी बाजूला ठेवून मी एका सहलीची हकीगत सांगतो. गेल्या डिसेंबरात नववीची बावीस मुलंमुली, एक बाई आणि मी, असे आम्ही देवगड, पाताळकोट आणि पचमढी इथे तीन रात्री मुक्काम करून आलो. मी निवृत्त शिक्षक आहे. तीस वर्षं भूगोल आणि जमेल तेव्हा मराठी शिकवलं. त्या तीस वर्षांत मी काय चुकलो, ते मला या तीन रात्रींत कळलं. तेच सांगायला उभा आहे.

सहलीचं कारण अगदी साधं होतं. एकदा वर्गात सहज विचारलं, “नागपूर कोणी वसवलं?” बहुतेक मुलांनी भोसल्यांचं नाव घेतलं. खरं उत्तर आपल्याच जुन्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास बारा खेड्यांच्या जागेवर नागपूर वसवलं. रघुजी भोसले आले ते पुढे, गोंड राजघराण्यातल्या वारसाच्या भांडणात, आणि 1743 च्या सुमारास राज्य त्यांच्या हाती गेलं. मग मी विचारलं, “देवगड कोणी पाहिलाय?” एकही हात वर झाला नाही. नागपूर सगळ्यांनी पाहिलेलं. दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी, संत्र्याच्या गाडीवर बसून. दोघं तर गोव्यालाही जाऊन आलेले. पण ज्या किल्ल्यावरून नागपूर वसलं, तो घाट चढला की येतो आणि तो कोणी पाहिलेला नव्हता.

तयारीत थाटमाट नव्हता. तंबू विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून गावातल्या बिछायतवाल्याकडून ताडपत्र्या, बांबू आणि सतरंज्या आणल्या. पीठ, डाळ, वांगी, कांदे घरोघरून जमा झाले. पालकांची संमतीपत्रं घेतली, मुक्कामाच्या गावांतल्या पंचायतींशी आधी बोललो. प्रत्येक मुलाला एक चाळीस पानी वही दिली आणि एकच नियम सांगितला: दिवसभरात भेटलेल्या माणसांकडून जे शब्द ऐकाल ते रात्री वहीत लिहायचे.

सौंसर सोडलं, रामाकोना मागे पडलं आणि सिल्लेवानीचा घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. हा घाट आपल्यापैकी प्रत्येकाने शंभरदा चढला असेल. जुन्या महसुली भाषेत आपल्या या सखल काळ्या मातीच्या भागाला ‘जेरघाट’ म्हणत, म्हणजे घाटाखालचा मुलूख. घाटाखाली मराठी आणि घाटावर हिंदी, असं आपण ढोबळपणे म्हणतो. 1956 पर्यंत हा प्रश्नच नव्हता, कारण तोवर नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा इकडे राहिला. आता 2023 पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हाही झाला. पण मुलांच्या मनातली वाटणी जुनीच आहे. मराठी म्हणजे घर, आणि राज्य, शाळा, सरकार, पाहण्यासारखी स्थळं म्हणजे हिंदी. घाट चढता चढता मुलं आपोआप हिंदीत बोलायला लागली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं.

देवगडचा किल्ला डोंगरावर आहे, भोवती खोल दऱ्या. ‘आईन-ए-अकबरी’त इथल्या जाटबा राजाचा उल्लेख येतो, म्हणजे अकबराच्या काळात हे राज्य नावारूपाला आलेलं होतं. दरवाजा, नगारखाना, कचेरी, माथ्यावरचं मोतीटाकं यांचे अवशेष उभे आहेत. देवगडला आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या, अशी लोकांत ख्याती आहे. आकडा मोजून कोणी सांगितला असेल असं नाही, पण अलीकडे गाळ काढून त्यांतल्या अनेक पुन्हा उघड्या केल्या आहेत आणि दगडी पायऱ्यांखाली पाणी दिसतं. एका मुलाने विचारलं, “सर, एवढ्या उंचावर राजा राहिला, तर पाणी कोण आणत असेल?” किल्ल्याबद्दल याहून चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही. भिंती पाहून झाल्यावर मग आम्ही तासभर फक्त पाणी पाहिलं. ते कुठून येतं, कुठे अडवलं, कुठे मुरतं.

रात्री खालच्या गावात शाळेच्या मैदानावर ताडपत्र्या ताणल्या. जेवणाला रोडगे करायचे ठरले होते. एक मुलगा पंचायतीने दाखवलेल्या घरी गोवऱ्या मागायला गेला. त्या घरच्या आजींना ‘गोवऱ्या’ कळेना, ह्याला ‘कंडे’ आठवेना. शेवटी त्याने हातांनी थापून दाखवलं आणि दोघंही हसले. वहीतली पहिली नोंद ती: ‘गोवरी म्हणजे कंडा.’

पीठ मळताना खरी गंमत झाली. बाईंचा आणि माझा अंदाज चुकला, पीठ सैल झालं. आमच्यात एक मुलगी होती. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे. ती पुढे आली आणि म्हणाली, “सर, रोडग्याले जाडं पीठ लागते. हे तं पोळीचं झालं.” मग परात तिने ताब्यात घेतली. घड्या कशा घालायच्या, आर कधी धरतो, राखेत किती वेळ दाबायचे, हे सगळं तिने एकवीस मुलांना शिकवलं. तिच्या बोलण्यात कुठेही अडखळणं नव्हतं. वांग्याची भाजी आणि राख झटकलेले रोडगे खाऊन झाल्यावर वह्या उघडल्या, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, आपल्या बोलीत लिहिलं तं चालते का?”

मित्रहो, मी तीस वर्षं ‘रोडग्याले’खाली लाल रेघ मारून वर ‘रोडग्याला’ लिहीत आलो. प्रमाण मराठी शिकवणं माझं काम होतं आणि ते मी सोडायला नको होतं, हे खरंच आहे. पण त्या रेघेबरोबर मी मुलांना आणखी एक गोष्ट शिकवत होतो. तुझ्या घरची भाषा वहीत चालत नाही, ही ती गोष्ट. हिंदी शाळेने ज्या मराठीला दाराबाहेर ठेवलं, असं आपण म्हणतो, तिच्यातलीही अर्धी मी स्वतःच बाहेर ठेवली होती. मी तिला म्हणालो, “लिही.” त्या रात्री तिने चार पानं लिहिली.

दुसऱ्या दिवशी छिंदवाड्यावरून तामियाला आलो. तिथून पाताळकोटच्या कड्यावर. सुमारे 79 चौरस किलोमीटरची ही दरी घोड्याच्या नालासारखी, कड्यावरून हजार-बाराशे फूट खोल. तळाशी बारा गावं, तिथे मुख्यतः भारिया आणि गोंड लोक राहतात. इथल्या वनौषधी आणि एकूण जीवसृष्टी लक्षात घेऊन 2019 मध्ये पाताळकोटाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कड्यावर उभं राहून मी मुलांना नद्या दाखवल्या, म्हणजे मनातल्या मनात. आपली जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. खाली दिसणारी दूधी मात्र नर्मदेला मिळते आणि अरबी समुद्राकडे जाते. म्हणजे सौंसरहून इथवर येताना वाटेत कुठेतरी पाण्याने दिशा बदलली. भूगोलाचं हे एक वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. कड्यावरच्या वाऱ्यात ते मुलांना लगेच कळलं.

पायऱ्यांनी खाली उतरलो आणि इथे आमची चूक झाली. पहिल्या घराजवळ पोचताच मुलांनी मोबाईल काढले. ओसरीवर बसलेल्या बाईंचे, कोंबड्यांचे, भिंतीवरच्या रेघांचे फोटो सुरू झाले. कोणी विचारलं नाही, मीही थांबवलं नाही. घरातून एक म्हातारबाबा आले. रागावले नाहीत. साध्या हिंदीत एवढंच म्हणाले, “दूरून आलात, बसा. आमचं नाव तर विचारा आधी.” मुलांचे हात खाली आले. माझी मान खाली गेली.

आपण इथे बसून म्हणतो, आमची मराठी या राज्यात थोड्यांची आहे, आम्हाला कोणी विचारत नाही. आणि ज्यांची बोली आपल्याहून कितीतरी थोड्यांची, त्यांच्या अंगणात आम्ही न विचारता शिरलो होतो. मग आम्ही बसलो. मुलांनी नावं विचारली, आपली सांगितली. बाबांनी एक पाला दाखवला आणि तुमच्याकडे याला काय म्हणतात म्हणून विचारलं. माझी बोलकी झालेली रोडगेवाली म्हणाली, “टाकळा. आमची आजी पावसाळ्यात भाजी करते.” बाबांनी त्यांचा शब्द सांगितला, तो बावीस वह्यांत उतरला. तासाभराने निघताना त्यांनीच मुलांना म्हटलं, “आता काढा फोटो.” एकाच मुलाने काढला, तोही बाबांना मध्ये बसवून.

तिसरा मुक्काम पचमढीला, एका धर्मशाळेच्या अंगणात. पचमढीचा इतिहास बहुतेक पुस्तकांत 1857 पासून सुरू होतो. त्या वर्षी कॅप्टन फोर्सिथ तिथे आला आणि त्याने पचमढी ‘शोधली’, असं छापलेलं असतं. पण त्याच्या आधी तिथे कोरकू जहागीरदार होते, त्याच्याही कितीतरी आधी कोणी दगडांच्या कपारींत चित्रं काढून ठेवली होती. आणि आपल्या आज्या? महाशिवरात्रीला चौरागडावर आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं जात आली. जुन्नारदेवजवळ विशालाची ‘पहिली पायरी’ चढायची, खांद्यावर नवसाचा त्रिशूळ, पाठीवर शिदोरी, वाटेत झाडाखाली मुक्काम, तीन दगडांची चूल. आज ज्याला आपण कॅम्पिंग म्हणतो आणि ज्याचे पैसे मोजतो, ते त्यांनी अनवाणी केलं.

चौरागडाच्या पायऱ्या चढून मुलं वर पोचली, तेव्हा देवळापाशी त्रिशुळांची रास होती. हजारो. एका गंजलेल्या त्रिशुळावर विदर्भातल्या एका गावाचं नाव मराठीत कोरलेलं होतं. मुलं त्याच्याभोवती गोळा झाली आणि ते नाव मोठ्याने वाचू लागली. परक्या ठिकाणी ओळखीचा माणूस भेटावा तसं त्यांना झालं. मग संध्याकाळी धूपगडावरून सूर्यास्त पाहिला. 1352 मीटर, सातपुड्याचा सर्वांत उंच माथा. सूर्यास्त सुंदर होताच. पण त्या रात्रीच्या वह्यांत सूर्यास्त चौघांनी लिहिला आणि तो त्रिशूळ एकोणीस जणांनी.

परत आल्यावर आठवड्याने ती मुलगी आजीला घेऊन माझ्या घरी आली. आजीने नातीची वही वाचून घेतली होती आणि तिला वाटेतली चार ठिकाणं चुकलेली वाटत होती. “भुराभगत राहिला ना मास्तर, तुमच्या लिहिण्यात,” आजी म्हणाल्या. मग दोन तास त्या बोलल्या आणि नात लिहीत होती. कुठे पाणी मिळायचं, कुठे रात्र काढायची, कोणत्या गावात ताक द्यायचे, चढणीला कोणतं गाणं म्हणायचे. आपल्या राज्याच्या डोंगरांचं इतकं बारीक वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आणि ते मराठीत होतं, ‘ले’ आणि ‘तं’ सकट.

बसमधून स्थळ पाहून परतायला भाषा लागत नाही. पाटी वाचली, फोटो काढला, झालं. मुक्काम करायचा तर पाणी मागावं लागतं, वाट विचारावी लागते, नाव सांगावं लागतं, ऐकावं लागतं. म्हणून माझं अकादमीकडे मागणं छोटं आहे. स्पर्धा, पारितोषिकं, संमेलनं चालू द्या. त्याबरोबर आपल्या दोन तालुक्यांतल्या शाळांसाठी दर हिवाळ्यात देवगडला एका रात्रीचं शिबिर घ्या. प्रत्येक मुलाला एक वही द्या आणि त्या वहीत लाल शाई वापरू नका. महादेवाची वाट चाललेल्या आज्या-आजोबांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा. ते पाहिलेल्यांतले पुष्कळ जण आता सत्तरीपुढचे आहेत, तेव्हा हे काम पुढच्या योजनेवर टाकण्याजोगं नाही.

त्या बावीस वह्या मी सोबत आणल्या आहेत. भाषण संपल्यावर मागच्या टेबलावर ठेवतो. शुद्धलेखनाच्या चुका दिसतील, त्या मी दुरुस्त केलेल्या नाहीत. वाचून बघा, आणि वाटेतलं एखादं ठिकाण राहिलेलं दिसलं तर शेवटच्या पानावर लिहून ठेवा.