स्तनाचा कर्करोग : लाज सोडा, वेळीच तपासा
(महिला मेळाव्यातील भाषण)



घरात ज्या विषयावर कोणी बोलत नाही, त्यावर आज मी बोलणार आहे. स्तनात गाठ लागली तरी आपली भगिनी ती लाजेपोटी लपवते. "दुखत तर नाही, मग राहू दे," म्हणते. येथेच घात होतो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. मात्र प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असेही नाही. म्हणून भिऊ नका, तपासून घ्या.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा क्ष-किरण फोटो. १९१३ साली बर्लिनचे शल्यचिकित्सक सॉलोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांचे असे फोटो घेऊन या अभ्यासाचा पाया घातला. स्तन दोन सपाट पट्ट्यांत क्षणभर दाबून फोटो काढतात. किरणांची मात्रा अल्प असते. हाताला न लागणारी गाठ आणि कॅल्शियमचे बारीक कणही त्यात दिसू शकतात. तरुण वयात स्तनातील ऊती दाट असल्याने फोटोत गाठ झाकली जाते. तेथे सोनोग्राफी उपयोगी पडते. गाठ पाण्याची की भरीव, हे ती सांगते. आनुवंशिक धोका मोठा असल्यास एमआरआय करतात. परंतु कोणतेही यंत्र चुकू शकते. फोटो संशय दाखवतो, खात्री बायॉप्सीनेच होते.

यंत्र जवळ नसेल तर काय? टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक गरीब स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाची प्रशिक्षित महिला सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक दिसला नाही. तरीही शिकलेले हात काय करू शकतात, हे आपल्याच वस्त्यांनी दाखवून दिले.

तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतः केली. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. मग आपल्या आईचे आरोग्य दुय्यम कसे?

विद्यार्थ्यांनो, आज घरी जाऊन आईला, मावशीला विचारा. गाठ, कातडीला खळी, आत ओढलेले स्तनाग्र, रक्तस्राव किंवा काखेत गाठ असेल तर अंगारे-धुपारे नकोत. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, सोबत तुम्ही स्वतः जा.

जयभीम! नमो बुद्धाय!