अडवलेल्या प्लास्टिकचं काय करायचं?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



ऐन उन्हाळ्यात आपली पाण्याची चर्चा 'किती' या प्रश्नाभोवती फिरते. धरणात किती टक्के उरलं, टँकर किती लागले, नळाला पाणी किती वेळ येतं. आज मी 'कसं' या प्रश्नाकडे येणार आहे, आणि त्यातही एका नेमक्या गोष्टीकडे. पाणी ज्या मेम्ब्रेनमधून, म्हणजे पातळ पडद्यासारख्या गाळणीतून, गाळलं जातं, त्या मेम्ब्रेनवर प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचा काय परिणाम होतो?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेम्ब्रेन प्लास्टिक अडवतं आणि उत्तम अडवतं. पण अडवलेला कण नाहीसा होत नाही. तो मेम्ब्रेनला चोंदवतो, विजेचं बिल वाढवतो, धुण्याची रसायनं खातो आणि शेवटी गाळात जाऊन बसतो. म्हणून मेम्ब्रेन ही प्लास्टिकविरुद्धची शेवटची राखण असली पाहिजे. आज आपण तिला पहिली आणि एकमेव राखण करायला निघालो आहोत, याची मला काळजी वाटते.

आधी मापं पाहू. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणाला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लायमाउथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'सायन्स' नियतकालिकात लिहिलेल्या लेखानंतर हा विषय जगभर ऐरणीवर आला. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. मायक्रोफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनची छिद्रं ०.१ मायक्रॉनपासून पुढे असतात, अल्ट्राफिल्ट्रेशनची ०.०१ ते ०.१ मायक्रॉन, तर नॅनोफिल्ट्रेशनची एका नॅनोमीटरच्या आसपास. आरओमध्ये, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिसमध्ये, नेहमीच्या अर्थाने छिद्रच नसतं. पाण्याचे रेणू त्या थरात शिरतात आणि दाबाच्या जोरावर पलीकडे झिरपतात. या मापांवरून कुणालाही वाटेल की प्लास्टिकचा प्रश्न सुटला.

आकडेही पहिल्या नजरेला धीर देतात. फिनलंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सांडपाण्यातलं मायक्रोप्लास्टिक मेम्ब्रेन बायोरिॲक्टरने, म्हणजे जिवाणूंची प्रक्रिया आणि मेम्ब्रेनची गाळणी एकत्र असलेल्या यंत्रणेने, ९९.९ टक्के अडवलं. वाळूच्या जलद गाळणीने ९७ टक्के अडवलं. पण टक्केवारीच्या मागे प्रचंड संख्या असते. ग्लासगोजवळच्या सुमारे साडेसहा लाख लोकवस्तीच्या एका सांडपाणी केंद्राचा अभ्यास २०१६ साली झाला. तिथे मेम्ब्रेन नव्हतं, तरी ९८ टक्क्यांहून अधिक कण अडत होते. उरलेल्या दीड-दोन टक्क्यांचा हिशोब मांडला, तेव्हा दिवसाला साडेसहा कोटी कण नदीत जात असल्याचं दिसलं. आणि जे ९८ टक्के अडले, ते बाजूला काढलेल्या तेलकट मळीत आणि गाळात गेले.

एवढे कण येतात कुठून? एक मोठा उगम आपल्या घरातच आहे. थॉम्पसन आणि त्यांच्या सहकारी इमोजेन नॅपर यांनी २०१६ साली दाखवून दिलं की ॲक्रिलिकचे सहा किलो कपडे एकदा यंत्रात धुतले, तर सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. त्यात गाड्यांच्या टायरांची झीज, झिजलेल्या पिशव्या आणि दोऱ्या मिळवा. पॉलिथिन पाण्याहून हलकं, ते तरंगतं. पॉलिस्टर जड, ते तळाशी जातं. त्यामुळे एकच टाकी दोघांना सारखीच पकडत नाही.

आता मेम्ब्रेनच्या पृष्ठभागाकडे येऊ. घरी रवा चाळताना नीट पाहा. भोकापेक्षा मोठे कण वर राहतात, ते झटकता येतात. बारीक पिठी खाली पडते. पण जो कण भोकाएवढाच असतो, तो नेमका भोकात रुततो, आणि मग चाळणी उलटी करून आपटावी लागते. मेम्ब्रेनवर हे चार तऱ्हांनी घडतं. कधी कण छिद्राच्या तोंडावर बसून ते पूर्ण बुजवतो. कधी लहान कण आत शिरून छिद्राच्या भिंतीला चिकटतो आणि वाट अरुंद करतो. कधी कणावर कण बसून काही छिद्रं झाकली जातात, काही उघडी राहतात. आणि शेवटी सगळ्या पृष्ठभागावर थर साचतो. या क्षेत्रात त्याला 'केक' म्हणतात.

हा थर कशाचा बनला आहे, यावर सगळं अवलंबून असतं. मोठ्या कणांच्या थरातून पाणी बऱ्यापैकी वाहतं. कण लहान होत गेले की थराचा विरोध त्यांच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. व्यास निम्मा, तर विरोध चौपट. दहा मायक्रॉनच्या कणांऐवजी तेवढ्याच जाडीचा आणि तेवढाच सच्छिद्र थर एक मायक्रॉनच्या कणांचा असेल, तर विरोध शंभरपट. बाटलीचा तुकडा उन्हात ठिसूळ होऊन नदीत झिजत राहतो, तेव्हा त्याचं वजन तेवढंच राहतं, पण मेम्ब्रेनला होणारा त्याचा त्रास वाढत जातो, तो या हिशोबाने.

त्यात आणखी एक अडचण आहे. बऱ्याच यंत्रणांमध्ये पाणी मेम्ब्रेनवरून आडवं, वेगाने वाहवतात, म्हणजे कण बसण्याआधी वाहून जावेत. मोठा कण या प्रवाहाच्या ओढीने पृष्ठभागापासून दूर जातो. अगदी बारीक कण रेणूंच्या धक्क्यांनी आपोआप पसरतो. पण मायक्रॉनच्या काही दशांश आकाराच्या कणावर हे दोन्ही परिणाम दुबळे ठरतात, आणि तो हमखास बसतो. झिजत चाललेलं प्लास्टिक याच आकारातून जातं.

शिवाय नदीतला प्लास्टिकचा कण कोरा नसतो. त्याचा पृष्ठभाग तेलकट, पाण्याला नाखूष. सडलेल्या पालापाचोळ्यातले सेंद्रिय पदार्थ त्याला चिकटतात, त्यावर जिवाणू वसाहत करतात. पाण्यात असे बहुतेक कण आणि मेम्ब्रेन दोघांवरही ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलायला हवेत. पण पाणी जड असेल, त्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर ते ढकलणं मंदावतं आणि कॅल्शियमच मधला दुवा होऊन सेंद्रिय लेप मेम्ब्रेनला जोडून देतं. आपल्याकडच्या कित्येक विहिरी-बोअरचं पाणी जड आहे, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा.

आता एक गोष्ट अगदी जवळून दाखवतो. आरओच्या मोठ्या केंद्रात पाणी मेम्ब्रेनकडे सोडण्याआधी रोज एक साधी चाचणी करतात. तिचं नाव एसडीआय, म्हणजे सिल्ट डेन्सिटी इंडेक्स. ०.४५ मायक्रॉन छिद्रांची, रुपयाच्या नाण्याच्या साधारण दुप्पट व्यासाची गोल चकती घेतात. तीस पीएसआय दाबाने तिच्यातून पाणी सोडतात आणि पहिलं अर्धा लिटर भरायला किती सेकंद लागले ते टिपतात. पंधरा मिनिटं पाणी तसंच वाहू देतात आणि पुन्हा अर्धा लिटर मोजतात. समजा पहिल्यांदा वीस सेकंद लागले आणि नंतर चाळीस. म्हणजे चकती निम्मी चोंदली. सूत्रात घातलं की उत्तर येतं ३.३. पाचच्या वर गेलं, तर ते पाणी आरओला चालत नाही. तीनच्या खाली असलेलं बरं. पांढरीशुभ्र चकती पंधरा मिनिटांत पिवळट-तपकिरी होते. त्या रंगात चिकणमाती असते, लोह असतं, शेवाळ असतं, आणि प्लास्टिकही असतं. चाचणी एकूण भार सांगते, प्लास्टिकचा वाटा वेगळा काढून दाखवत नाही.

वापरून निकामी झालेलं आरओ एलिमेंट लांबीत कापून उघडतात, त्याला या क्षेत्रात शवविच्छेदनच म्हणतात. आठ इंच व्यासाचं, चाळीस इंच लांबीचं ते नळकांडं. आत मेम्ब्रेनच्या घड्या मधल्या नळीभोवती गुंडाळलेल्या, आणि दोन घड्यांमध्ये प्लास्टिकची जाळी, जाडीला एक मिलिमीटरहूनही कमी. पाणी याच फटीतून वाहतं. कपड्यांतून सुटलेला तंतू दहा-वीस मायक्रॉन जाड, पण लांबीला शेकडो मायक्रॉन. आधीच्या गाळणीत तो उभा सापडला तर निसटतो आणि इथे येऊन जाळीच्या गाठींत अडकतो. त्याच्याभोवती बुळबुळीत जैविक थर वाढतो, आणि मेम्ब्रेनचं छिद्र बुजायच्या आधी ही फटच कोंडते.

कोंडलं की दाब वाढवावा लागतो, म्हणजे पंपाला वीज जास्त. अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये उलट प्रवाहाने धुणं, म्हणजे बॅकवॉश, वारंवार करावा लागतो, आणि त्यात शुद्ध केलेलंच पाणी खर्च होतं. तेवढ्याने भागलं नाही तर सायट्रिक ॲसिड, कॉस्टिक, हायपोक्लोराइट. हायपोक्लोराइटच्या प्रत्येक धुण्याने मेम्ब्रेनचं आयुष्य थोडं घटतं. आरओच्या पॉलिअमाइडला तर क्लोरीन सोसतच नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेतल्या कित्येक प्रयोगांत प्लास्टिकचं प्रमाण नदीतल्यापेक्षा खूप जास्त घेतलेलं असतं. नदीच्या पाण्यात वजनाच्या हिशोबाने गाळ आणि सेंद्रिय पदार्थच कितीतरी पट जास्त असतात. मेम्ब्रेन चोंदण्याचं सगळं खापर प्लास्टिकवर फोडणं चूक ठरेल. पण चिकणमाती आणि शेवाळ हाताळायला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो आहोत. प्लास्टिकचा भार नवा आहे, कुजत नाही, आणि वर्षागणिक बारीक होत जातो.

आता जी बाजू क्वचित बोलली जाते ती. मेम्ब्रेन स्वतःच प्लास्टिकचं आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय रसायनशास्त्रज्ञ सौरिराजन यांनी १९६०च्या सुमारास आरओचं पहिलं उपयोगी मेम्ब्रेन बनवलं, ते सेल्युलोज ॲसिटेटचं होतं. पुढे पॉलिअमाइडचा अतिपातळ थर आला, मायक्रॉनच्या एक-दोन दशांश जाडीचा. त्याखाली पॉलिसल्फोन, त्याखाली पॉलिस्टरचं कापड. तिन्ही थर प्लास्टिकचे. जोडावरची रबरी सीलं झिजली, थराला चरा पडला, तर गाळणीच कण सोडू लागते. सिडनीतल्या एका अभ्यासात आरओनंतरच्या पाण्यातही लिटरमागे सुमारे ०.२ कण सापडले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली बाटलीबंद पाणी तपासलं, तेव्हा लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार कण दिसले, त्यांपैकी सुमारे ९० टक्के नॅनोप्लास्टिक. त्यांत पॉलिअमाइड ठळक होतं, आणि ते पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधूनच आलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे.

आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. दुरुस्तीला येणारा माणूस टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. तो मीटर पाण्याची वीज वाहण्याची क्षमता मोजतो, म्हणजे विरघळलेले क्षार. प्लास्टिकचा कण विरघळलेला नसतो, वीज वाहत नाही. म्हणून टीडीएस कमी म्हणजे प्लास्टिक कमी, असं समजू नका. आणि आरओने जे अडवलं, ते बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर पुन्हा गटारात जातं.

मग करायचं काय? पहिलं काम उगमाशी. फ्रान्सने २०२० साली कायदा करून नव्या धुलाई यंत्रांना तंतू पकडणारी गाळणी बसवण्याची तरतूद केली. आपल्याकडे घरोघरी यंत्रं पोहोचत असताना अशी तरतूद आत्ताच करणं स्वस्त पडेल. दुसरं काम मेम्ब्रेनच्या आधी. तुरटी किंवा पॅक (पॉलिअल्युमिनियम क्लोराइड) नीट मोजून घालणं, निवळण टाकी आणि वाळूच्या गाळण्या चोख ठेवणं, हलके कण हवेच्या बुडबुड्यांवर तरंगवून काढणं. ही जुनीच कामं आहेत, पण ती चोख झाली तर मेम्ब्रेनचा निम्मा त्रास वाचतो, असं मला अनुभवाने वाटतं. तिसरं काम गाळाचं, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित. मुंबईत सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रं उभी राहत आहेत, एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. पाण्यातून जे काढलं जाईल, ते गाळात एकवटेल. तो गाळ खत म्हणून शेतात गेला, तर प्लास्टिक पावसाबरोबर पुन्हा ओढ्यात येईल.

आपण सगळे करदाते आहोत. आपल्या गावात नव्या केंद्राची निविदा निघेल, तेव्हा तीन प्रश्न लेखी विचारा. मेम्ब्रेनच्या आधी काय बसवणार? बॅकवॉशचं पाणी कुठे जाणार? गाळाची विल्हेवाट कशी लावणार, आणि तिचा खर्च कुणाच्या नावे धरला आहे? ही उत्तरं करारात आधीच लिहून घेतली पाहिजेत. केंद्र सुरू झाल्यावर सोय शोधायला गेलं, की गाळ बहुधा सर्वांत जवळच्या आणि सर्वांत स्वस्त जागी टाकला जातो, आणि त्या जागेच्या खालच्या अंगाला कुणाचं तरी पिण्याचं पाणी असतं.