दादीला ‘आठवतं का?’ विचारू नका



मी काही डॉक्टर नाही. तीन वर्षं दादीजवळ बसून जे शिकलो, तेवढंच सांगणार आहे.

आमचं घर सोलापूरचं. दादा मिलमध्ये कामाला होते. त्यांना जाऊन १४ वर्षं झाली, मिल तर त्याआधीच बंद पडली. पण मगरिबची अजान झाली की दादी दाराशी जाऊन बसायची. म्हणायची, “भोंगा बजके कित्ता टैम हुआ, तेरे दादा आये नै अब तक?”

मला वाटलं, खरं ते सांगावं. “दादी, दादा गुजर गये ना.” ती ऊर बडवून रडली. अर्ध्या तासात विसरली आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. एका संध्याकाळी मी तिला तीनदा विधवा केलं, आणि मनात समजत होतो की आपण खरं बोलतोय.

१९०६मध्ये अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. या आजारात बहुतेकदा मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग आधी खराब होतो. त्यामुळे सकाळचा चहा विसरला जातो, पण पन्नास वर्षांपूर्वीचा भोंगा ऐकू येतो. माणूस प्रसंग विसरतो, पण त्या प्रसंगाचं दुःख मनात रेंगाळतं. माझे शब्द दादी विसरली होती, पण जेवण मात्र तिला गेलं नाही.

मग खोटं बोलायचं का? हा प्रश्न मलाही छळायचा. “येतीलच आता” असं म्हणायला जीभ वळेना. शेवटी बहिणीनं वाट दाखवली. ती दादीजवळ बसली, हात हातात घेतला आणि म्हणाली, “दादा की याद आ रई? मिल से आके पैले क्या करते थे वो?” दादी हसली. “पैले चाय. शक्कर जास्ती.” खोटं काहीच नव्हतं. बहिणीनं प्रश्नाला नाही, तर प्रश्नामागच्या ओढीला उत्तर दिलं.

तेव्हापासून घरात काही गोष्टी ठरल्या. मागून हाक मारायची नाही; समोर बसून आधी आपलं नाव सांगायचं. टीव्ही बंद करायचा. एका वेळी एकच गोष्ट बोलायची. “काय खाणार?” असं नाही, तर “भाकरी की खिचडी?” असं विचारायचं. उत्तराला वेळ द्यायचा. “आठवतं का?” ही परीक्षा घ्यायची नाही. तिच्यासमोर तिच्याविषयी, ती तिथं नसल्यासारखं बोलायचं नाही. आणि बोलायचं दखनीतच, कारण तिची लहानपणची भाषा तीच.

दोन गोष्टी विसरू नका. प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. थायरॉइड किंवा बी-१२च्या कमतरतेनंही विसरायला होतं, म्हणून ‘म्हातारपणच आहे’ म्हणून सोडून न देता तपासणी करा. आणि एक-दोन दिवसांत माणूस अचानक जास्त गोंधळला, तर लगेच डॉक्टरकडे न्या. लघवीचा संसर्गही त्यामागे असू शकतो.

शेवटचं, खास मुलांसाठी. आमच्या घरी हे सगळं अम्मी आणि बहीण करत होत्या. मी फक्त ‘खरं’ सांगायला हजर असायचो. आता संध्याकाळची पाळी माझी. दादी मला कधी भाऊ समजते, कधी दादा. मी नाव सांगतो, तिला ते राहत नाही. पण हात धरला की ती सोडत नाही. आमचं बोलणं अजून चालू आहे.