उघड्या दाराशी थांबलेला प्रकाश



प्रकाश कोंडायचा तर भिंत हवी, असा आपला अनुभव. मोराचे पीस मात्र निराळे सांगते. त्याच्या निळाईमागे अतिसूक्ष्म काड्यांची नियमित जाळी असते. विशिष्ट रंगाचा प्रकाश ती ओलांडू न शकल्याने परत फिरतो. अशा मांडणीला प्रकाशीय स्फटिक म्हणतात. १९८७ साली एली याब्लोनोविच व सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे ही संकल्पना मांडली.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. बाहेरची वाट मोकळी असूनही लहर जागीच राहू शकते, हे फॉन नॉयमन व विग्नर यांनी १९२९ साली गणिताने दाखविले होते. २०१३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी, नियमित छिद्रे असलेल्या सिलिकॉन नायट्राइडच्या पापुद्र्यात प्रकाश असाच थोपविला. बाहेर निघू पाहणाऱ्या लहरी परस्परांना निष्प्रभ करतात.

पण छिद्रांच्या मापात किंचित चूक झाली तर? उत्तर २०१४ मध्ये मिळाले. हे कोंडणे विशिष्ट दिशेलाच घडते. आसपासच्या दिशांना जो प्रकाश निसटतो, त्याची कंपनदिशा तिच्याभोवती भोवऱ्यासारखी फिरते. भांग कसाही पाडा, डोक्यावरचा भोवरा जात नाही, तसाच हाही. फेऱ्यांची संख्या पूर्णांकी असते. रचनेची सममिती टिकली, तर लहानशा दोषाने हा भोवरा सरकतो, पुसला जात नाही. उलट फेऱ्याचा भोवरा भेटला तरच दोन्ही मावळतात.

याच तत्त्वावर २०१७ मध्ये लेसर चालविण्यात आला. कल्पना १९२९ ची, लेसर २०१७ चा! ‘या गणिताचा उपयोग काय?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य सांगावे.