दैन्य माणसाला बंडखोर करते काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



माणूस असा का वागतो, या प्रश्नाला मानसशास्त्रात एकच एक उत्तर नाही. कुणी ते अबोध मनात शोधतो, कुणी सवयीत, कुणी विचारांत, कुणी मेंदूत, तर कुणी समाजरचनेत. ही पंडितांची वादावादी आहे असे समजून कार्यकर्त्याने तिच्याकडे पाठ फिरवू नये. कारण दुखण्याचे मूळ जेथे मानले जाते, तेथेच उपाय केला जातो. बेकारांच्या वस्तीतील मरगळीचे मूळ आळशी स्वभावात आहे असे मानणारा उपदेश करील. ते परिस्थितीत आहे असे मानणारा परिस्थिती बदलू पाहील. म्हणून या दृष्टिकोनांची पारख एका प्रत्यक्ष उदाहरणावरच केलेली बरी.

ते उदाहरण ऑस्ट्रियातील आहे. व्हिएन्नाजवळचे मारिएनथाल हे एका कापडगिरणीभोवती वसलेले गाव. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबांत कमावते कुणी उरले नाही. त्या सुमारास पॉल लाझार्सफेल्ड हे तरुण समाजवादी संशोधक कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करण्याच्या विचारात होते. एवढी बेकारी माजली असता फुरसतीचा अभ्यास कसला करता, असे समाजवादी नेते ऑटो बाउअर यांनी त्यांना खडसावले आणि बेकारीकडे लक्ष वळवले. लाझार्सफेल्ड, मारी याहोडा व हान्स झाइझल यांचा मारिएनथालवरील ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला.

दैन्य वाढले की असंतोष भडकेल आणि असंतोषातून चळवळ उभी राहील, असा पुष्कळांचा हिशेब होता. मारिएनथालने तो खोटा ठरवला. वाचायला वेळच वेळ होता, ग्रंथालयाने शुल्कही माफ केले होते. तरी १९२९ ते १९३१ या काळात वाचनासाठी नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्याने घटली. पक्षाच्या दैनिकाचे वर्गणीदार गळाले. पुरुष रस्त्यात घुटमळत उभे राहू लागले, घड्याळ बाळगीनासे झाले. घरकामातून न सुटलेल्या बायका मात्र झपाझप चालत. बहुसंख्य कुटुंबे पेटूनही उठली नाहीत आणि पुरती कोसळलीही नाहीत. ती अपेक्षा कमी करीत मुकाट्याने जगत राहिली.

या मरगळीचा उलगडा कसा व्हावा? फ्रॉइड त्या वेळी व्हिएन्नातच होते. विषादावरील १९१७ च्या निबंधात त्यांनी दाखवले होते की, जे गमावले त्यावरचा राग माणूस नकळत स्वतःवरच वळवतो. बेकाराच्या मनातील शरम समजून घ्यायला हा विचार उपयोगी आहे. परंतु शेकडो माणसे एकाच सुमारास खचली, याचे कारण शेकडो बालपणांत सापडणार नाही.

वर्तनवादाचा पाया वॉटसन यांनी १९१३ मध्ये घातला आणि स्किनर यांनी त्यावर इमारत चढवली. ज्या कृतीला फळ मिळत नाही ती लोप पावते, हे त्याचे सूत्र. वारंवार दार ठोठावूनही काम मिळत नसेल, तर ठोठावणे थांबते. त्यासाठी आळसाचा आरोप करावा लागत नाही. मात्र फळ देणारे हात कुणाचे आणि ते का आखडले, हे वर्तनवाद विचारत नाही.

मानवतावादी मॅस्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची चढती श्रेणी मांडली: आधी भाकरी, मग मान. मारिएनथालमध्ये भाजी पिकवता येईल अशा वाफ्यांतही काहींनी फुले लावली होती. उपाशी माणसालाही नुसत्या भाकरीवर तोलता येत नाही, हेच त्यावरून दिसते.

सेलिगमन व मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगांत सुटका नसलेले विजेचे धक्के सोसलेली कुत्री पुढे वाट मोकळी असतानाही सुटण्याचा यत्न करीनात. याला 'शिकलेली असहायता' असे नाव मिळाले. बोधनिक दृष्टिकोनाने १९७८ मध्ये त्यात भर घातली: माणूस अपयशाचा अर्थ कसा लावतो, यावर त्याचे खचणे अवलंबून असते. 'मीच नालायक' असे समजणारा अधिक खचतो. पुढे मेंदूच्या अभ्यासावरून मायर व सेलिगमन यांनी २०१६ मध्ये आपला मूळ सिद्धान्तच उलटवला. दीर्घ यातनेत निष्क्रिय होणे ही उपजत प्रतिक्रिया असते. शिकावी लागते ती 'परिस्थिती आपल्या हाती येऊ शकते' ही जाणीव. निष्कर्ष प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत, तेव्हा ते माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. तरी त्यांचा रोख मारिएनथालच्या अनुभवाशी जुळतो.

सामाजिक दृष्टिकोन हा पाया होय, कारण गिरणी कुणाच्या मनात बंद पडली नव्हती. पण मन म्हणजे अर्थव्यवस्थेचे निव्वळ प्रतिबिंब, असे मानणारी पोथीनिष्ठाही येथे लंगडी पडते. याहोडा यांनी पुढे १९८२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले की, नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाला आखणी, घराबाहेरचा सहवास, सामुदायिक उद्दिष्ट, समाजात स्थान आणि नियमित कृती. भत्ता आवश्यकच आहे. पण या पाच गोष्टी भत्त्यातून मिळत नाहीत. बऱ्याच अंशी त्या संघटना देऊ शकते.

मारिएनथालच्या संशोधकांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. गावात कुणीही नुसता बघ्या म्हणून जायचे नाही; प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडायचे. म्हणून त्यांनी कपडे वाटले, वैद्यकीय सल्ला मिळवून दिला, शिवणाचे वर्ग चालवले. बंद गिरणीच्या वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याला याहून चांगला धडा नाही. लोक सभेला येत नाहीत म्हणून त्यांना दूषणे देणे म्हणजे पराभवाचे खापर पराभूतांच्याच माथी फोडणे होय. रेशन, थकलेली देणी, पाण्याचा नळ, अशी जिंकता येण्याजोगी एखादी मागणी लोकांनी स्वतः लढवून जिंकावी, यासाठी त्याने झटावे. दैन्य माणसाला आपोआप बंडखोर करीत नाही. आपल्या कृतीने काही बदलते, हा अनुभव त्याला उभा करतो. आणि एकट्यादुकट्याला तो क्वचितच लाभतो.