काढलेली ग्रंथी काय सांगते?



वसंतातल्या संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या मूत्रमार्गाभोवतालच्या एका ग्रंथीवर व्याख्यान ऐकावयास आपण इतक्या संख्येने आलात, याचे मला नवल वाटते. या प्रोस्टेट ग्रंथीविषयी आपल्याकडे नवरा बायकोशीही धड बोलत नाही. म्हणूनच आज उघडपणे बोलणार आहे.

ही ग्रंथी अक्रोडाएवढी, मूत्राशयाच्या खाली असते. तिच्यातला कर्करोग बाहेर पसरला नसेल, तर सबंध ग्रंथी काढून टाकता येते. बाल्टिमोरच्या ह्यू यंग यांनी १९०४ साली अशी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून हा मार्ग मोकळा झाला. शस्त्रक्रिया संपली की डॉक्टर सांगतात, "सगळे काढले." घरची मंडळी निःश्वास टाकतात. पण रोग परत येईल काय, या प्रश्नाचे उत्तर सर्जनच्या डोळ्यांना दिसत नाही. ते काढलेल्या ग्रंथीतच शोधावे लागते, आणि शोधणारा पॅथॉलॉजिस्ट रोग्याला बहुधा कधी भेटतही नाही!

त्याची रीत मोठी मौजेची आहे. तो प्रथम ग्रंथीच्या पृष्ठभागाला शाई फासतो. मग तिच्या चकत्या करून, मेणात बसवून, त्यांचे अतिशय पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. कर्कपेशी शाईला टेकलेल्या दिसल्या, तर सर्जनची सुरी रोगातूनच गेली असण्याचा संभव. याला 'कड पॉझिटिव्ह' म्हणतात. पेशी शाईच्या अगदी जवळ आहेत पण टेकलेल्या नाहीत, तर कड निगेटिव्हच.

हा शब्द वाचून माणसे हाय खातात, आणि मला वाटते ते अकारण. कड पॉझिटिव्ह असूनही ज्यांचा रोग कधीच परतला नाही, असे पुष्कळ आहेत. कधी काढताना ग्रंथीला चीर पडते आणि शाई आत झिरपते. कधी मागे राहिलेल्या चार पेशी तग धरीत नाहीत. तेव्हा शाईला टेकलेला भाग किती लांबीचा, आणि तेथल्या पेशी कोणत्या प्रतीच्या, हे विचारले पाहिजे.

प्रत हाच खरा कळीचा मुद्दा. मिनिॲपोलिसचे डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली तिची पद्धत मांडली. त्यांनी एकेका पेशीचे रूप पाहण्याऐवजी कमी शक्तीच्या भिंगातून त्यांची वस्ती कशी मांडली आहे ते पाहिले. घरे सुटी सुटी, प्रत्येकाला अंगण, ही तिसरी प्रत. भिंती एकमेकींत घुसलेल्या किंवा चाळणीसारखी भोके पडलेली, ही चौथी. घरेच नाहीत, नुसती गर्दी, ही पाचवी. सर्वांत जास्त आढळणारी प्रत आधी आणि तिच्या खालोखालची नंतर, अशी बेरीज करतात. शाळेत तीन अधिक चार आणि चार अधिक तीन सारखेच; येथे मात्र दुसरे अधिक वाईट, कारण तेथे चौथ्या प्रतीचे राज्य असते. हा घोटाळा टाळण्यासाठी २०१४ साली तज्ज्ञांनी एक ते पाच असे गट ठरविले.

याखेरीज रोग कवच ओलांडून गेला काय, शुक्राशयात शिरला काय, लसिकाग्रंथींत पोचला काय, हे अहवालात असते. ही चढती भाजणी आहे. शुक्राशयात शिरलेला रोग परतण्याची भीती बरीच वाढते.

परतला हे कळते कसे? पी.एस.ए. नावाच्या रक्ततपासणीने. ग्रंथी गेल्यावर काही आठवड्यांत हा आकडा जवळजवळ शून्यावर यावा. पुढे तो एका मिलिलिटरमागे ०.२ नॅनोग्रॅम किंवा अधिक झाला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर रोग परतला असे धरतात. पण धीर सोडू नये. बाल्टिमोरहून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९९७ रोग्यांपैकी ३१५ जणांचा आकडा वाढला. ज्यांना लगेच हॉर्मोनचे औषध दिले नव्हते, त्यांत आकडा वाढल्यापासून रोग हाडांत वा इतरत्र दिसेपर्यंतचा मध्यम काळ आठ वर्षांचा निघाला. ज्यांची प्रत वाईट, किंवा ज्यांचा आकडा पहिल्या दोन वर्षांतच वाढला, त्यांची गती अधिक होती.

मग अहवाल वाईट दिसताच सर्वांना किरणोपचार द्यावा काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ताबडतोब किरण देणे आणि आकडा वाढू लागताच देणे, यांची तुलना झाली. ताबडतोब देण्यात लाभ दिसला नाही, लघवीचा त्रास मात्र वाढला. अतितीव्र रोगाचा विचार अर्थात वेगळा. पण वाट पाहायची तर रक्ततपासणी चुकवून चालत नाही, आणि आपल्याकडे टाके सुकले की माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

म्हणून अहवालाची प्रत मागून घ्या व जपून ठेवा. कित्येक घरांत मुलगा तो कागद वडिलांपासून लपवितो. वडिलांना आपली प्रत ठाऊकच नसते. शंका असेल तर मेणातले ठोकळे आणि काचा मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेता येतात. त्यात कोणाचा अपमान नाही. तिसरी प्रत की चौथी, याविषयी जाणत्या माणसांतही मतभेद होतात.